पानिपतात पळणे

पानिपतात पळायला सुरुवात केली, असे मराठीत लिहिले की वाक्याचा अर्थ आपोआप वाकडा होतो. मला एवढेच सांगायचे असते, की अकरा वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा लांब पल्ल्याचे पळू लागले आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या राहायला पानिपतला असल्याने ते तिथेच सुरू झाले. पण पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "अगं, तिथून पळायची तर आपली परंपराच आहे."

परंपरा आहे खरी. तिच्याकडे मी कधी सरळ नजरेने पाहिले नव्हते, एवढेच.

पानिपत शहरात शिवाजी स्टेडियम आहे. ज्या गावाच्या नावाने आपण पराभव मोजतो, त्या गावच्या मैदानाला महाराजांचे नाव आहे हे महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना सांगितले की ते क्षणभर गप्प होतात. टोकियोत २०२१ साली भालाफेकीचे सुवर्णपदक मिळवणारा नीरज चोप्रा याच जिल्ह्यातल्या खंडरा गावचा, आणि त्याने हातात भाला धरला तो याच मैदानावर. हिवाळ्यात पहाटे इथे धुके इतके दाट असते की समोरून येणाऱ्या माणसाचे आधी बूट ऐकू येतात, मग माणूस दिसतो. मैदानावर बहुतेक मुले सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी. त्यांचा सगळा जीव सोळाशे मीटरांत. पहिल्या आठवड्यात मी एक मिनिट पळून दोन मिनिटे चालत होते, तेव्हा त्यातल्या एकाने अगदी गंभीरपणे विचारले, "आंटी, आप भी भर्ती की तैयारी कर रही हो?" ती मुले एकमेकांना ओरडून सांगतात, "भाज ले, भाज ले!" हरियाणवीत भाजणे म्हणजे पळणे. शर्यतीत पळणे तेही भाजणे आणि जीव घेऊन पळणे तेही भाजणेच.

मराठीत तसेच आहे. गावाकडच्या शाळेत 'पळण्याची शर्यत' असे. तोच पळ मागे 'काढला' की बदनामी. पळ सुटतो, पळता भुई थोडी होते, माणूस पळपुटा ठरतो. 'धावणे' मात्र सोवळ्यातले. देव भक्तासाठी धावतो, शेजारी मदतीला धावून येतो. एकच हालचाल, पण तोंड कुठल्या दिशेला आहे यावरून भाषा तिचा न्याय करते. गेली दोन वर्षे मी नाना फडणविसांच्या आत्मचरित्राचा हिंदी अनुवाद करते आहे. त्यातल्या पानिपताच्या भागात मला सर्वांत जास्त छळले ते याच क्रियापदाने. 'दौड़ना' म्हणावे तर खोटे वाटते, 'भागना' म्हणावे तर निकाल दिल्यासारखे होते.

जगाच्या भाषांत सामान्यनाम होऊन बसलेली रणांगणे थोडी. त्यांतली दोन माझ्या डोक्यात गेले वर्षभर शेजारी बसली आहेत. एक मॅरेथॉन, दुसरे पानिपत. पहिल्याचा अर्थ झाला न थकता पार पाडलेले काम. आपल्याकडे मंत्र्यांच्या बैठकासुद्धा मॅरेथॉन होतात. दुसऱ्याचा अर्थ झाला धूळधाण. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत वर्गाचे होते, क्रिकेटमध्ये तर दर मोसमात होते. 'विश्वास पानिपतातच गेला' हा श्लेष तर आपल्या इतका तोंडात बसला आहे, की त्यामागे गोळी लागून कोसळलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आहे हे बोलताना आठवतही नाही.

मॅरेथॉनची शर्यत कुणा खेळाडूने काढलेली नाही, हे मला उशिरा कळले. ती काढली मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने. ब्रेआल तौलनिक व्याकरणाचा प्राध्यापक होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची तुलना करणारे फ्रान्झ बॉपचे जर्मन व्याकरण त्याने फ्रेंचमध्ये अनुवादित केले. शब्दांचे अर्थ कसे बदलतात याच्या शास्त्राला 'सेमांतीक' हे नाव त्यानेच दिले, ज्याला आपण अर्थविज्ञान म्हणतो. आधुनिक ऑलिंपिकची जुळवाजुळव चालू असताना त्याने सुचवले, की मॅरेथॉन ते अथेन्स अशी एक शर्यत ठेवा, विजेत्याला चषक मी देतो. १८९६ साली ती पळवली गेली, अंतर सुमारे ४० किलोमीटर. स्पिरिडॉन लुईस नावाचा ग्रीक जिंकला. आज ठरलेले ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले. ते कायमचे झाले १९२१ साली.

म्हणजे ही शर्यत एका अनुवादकाने काढली, आणि काढली तीही एका शंकास्पद पाठावरून. इसवी सन पूर्व ४९० मधल्या त्या लढाईबद्दल हेरोडोटस लिहितो तेव्हा त्याचा धावपटू विजयाची बातमी घेऊन पळत नाही. तो लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला जातो. स्पार्टाचे लोक म्हणतात, पौर्णिमा होईपर्यंत आम्हांला निघता येत नाही. 'आपण जिंकलो' म्हणून प्राण सोडणारा दूत त्यानंतर कित्येक शतकांनी, प्लुटार्क आणि लुशियन यांच्या लिखाणात उगवतो. हेरोडोटसचे अंतर आज खरोखर पळतात. स्पार्टाथलॉन ही अथेन्स ते स्पार्टा शर्यत १९८३ पासून होते, २४६ किलोमीटरची. पण जगाने निवडली ती छोटी आणि विजयाची धाव. मदत मागायला गेलेला आणि नकार घेऊन परतलेला माणूस शर्यतीला चालत नाही.

आपल्याकडेही एक दूत आहे. त्याच्या नावाने शर्यत नाही, कारण त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

जानेवारी १७६१ च्या चोविसाव्या दिवसाच्या सुमारास नानासाहेब पेशवे भाऊंच्या कुमकेला उत्तरेकडे निघालेले होते. नर्मदेच्या बाजूला त्यांच्या लष्कराजवळून एक कासीद चालला होता. तो पेशव्यांचा नव्हता, सावकारांचा होता. पानिपताकडून निघून नऊ दिवसांत औरंगाबादेला पत्र पोचवायचे असा त्याचा करार. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी हे अंतर हजार किलोमीटरांहून जास्त भरते, म्हणजे दिवसाला शंभराच्या वर. एका माणसाने पायी जाण्याचे हे काम नव्हे. वाटेत घोडी, सांडण्या, बदलती माणसे असणार. पण पेशव्यांसमोर उभा केला गेला तो एकच माणूस. दुसऱ्याच्या नावाचे ते पत्र पेशव्यांनी फोडले. आत सराफी भाषेत हिशेब होता. दोन मोती गेले, काही मोहरा गमावल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. ग्रँट डफने १८२६ साली इतिहास छापला तेव्हा हा निरोप इंग्रजीतही गेला.

अनुवादक म्हणून मी या निरोपाकडे अनेकदा परत जाते. अर्थ झाकण्यासाठी केलेले रूपक, आणि ते झाकता झाकता सगळे सांगून बसले. मोत्यांची संख्या नेमकी, मोहरांची नेमकी, आणि खुर्द्याला आकडाच नाही. लढाईत साधा माणूस किती मेला हे न सांगण्याची रीत त्या चिठ्ठीपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत तशीच आली. पेशवे त्यानंतर पाच महिनेच जगले. जून १७६१ मध्ये पर्वतीवर गेले.

माझे वडील सातारा जिल्ह्यात शाळेत इतिहास शिकवत. त्यांच्या वर्गात पानिपताला तीन तास असत, आणि पडलेल्यांची नावे मुलांना पाठ करावी लागत. भाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे, तुकोजी शिंदे, यशवंतराव पवार, इब्राहिमखान गारदी. मग ते खडू खाली ठेवून म्हणत, "आणि बाकीचे पळाले." त्यात मल्हारराव होळकर आले, नाना फडणवीस आले. 'बाकीचे' हा शब्द ते असा उच्चारत, की पुढे कुणी प्रश्न विचारत नसे.

अकरा वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मॅरेथॉनमध्ये मी पेडर रोडच्या चढावर थांबले. पाय दुखत होते, पण न पळता येण्याइतके नव्हते. मी नुसती थांबले, फुटपाथवर बसले आणि मागून येणाऱ्या बसमध्ये चढले. बसमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हते. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांनी थट्टेतच विचारले, "मग? झालं का पानिपत?" मीही हसले. त्यानंतर मी बूट माळ्यावर टाकले आणि विचारेल त्याला गुडघ्याचे कारण सांगितले. वडील गेल्यावर त्यांच्या पुस्तकांत शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' मिळाले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी हा विषय आधी इंग्रजीत लिहिला, १९४६ साली, आणि मग १९६१ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, पुन्हा मराठीत. वडिलांनी पेन्सिलीने पानोपानी खुणा केल्या होत्या, त्या सगळ्या पडलेल्यांच्या नावांखाली. पळालेल्यांच्या खाली एकही नव्हती.

मग त्या मी करायला घेतल्या.

पहिली गोष्ट तारखेची. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत आणि त्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण ऐकत आलो. पण संक्रांत सूर्यावर चालते आणि सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबाने १७६१ साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. त्या दिवशीची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. पळणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. अष्टमीचा चंद्र संध्याकाळी माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे मावळतो. म्हणजे पहिले सहा तास पाठलाग करणाऱ्याला उजेड, आणि त्यानंतर अंधार आणि पौषातली थंडी.

दुसरी गोष्ट दिशेची. अब्दालीची छावणी पानिपत आणि दिल्ली यांच्या मध्ये होती. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने बागपतजवळ यमुना ओलांडली, तेव्हाच मराठ्यांची घरची वाट बंद झाली होती. अडीच महिने छावणीत कोंडून, धान्य आणि वैरण संपल्यावर ते लढायला बाहेर पडले ते दक्षिणेकडेच. ती चाल दिल्लीच्या वाटेवरची होती. घराच्या दिशेने लढणे आणि घराच्या दिशेने पळणे यांत त्या दिवशी अंतर उरले नाही. मधे फौज उभी असल्याने पळणाऱ्याला घराकडे तोंडही करता येईना. आधी पश्चिमेकडे जायचे आणि मग वळसा घालून खाली यायचे.

नाना तसाच गेला. वय एकोणिसाला थोडे कमी. तो लढवय्या नव्हता. भाऊंबरोबर आई आणि पत्नीला घेऊन तीर्थयात्रेच्या इच्छेने आलेला फडणिशीतला तरुण. त्याच्या आत्मचरित्रात एका तरुणाची वासना, देवभक्ती आणि भीती या तिन्हींची कबुली सारख्याच सुरात आहे. म्हणून मला ते मराठीतले एक अपवादात्मक पुस्तक वाटते. संध्याकाळी तो पानिपत गावापाशी येतो. बरोबरीचा जाणता माणूस सांगतो, घोडे सोड, कपडे उतर. अंगावर चांगले कपडे असणे म्हणजे मरण. लंगोटीवर तो पश्चिमेला निघतो. वाटेत पुन्हा पुन्हा कापाकापी होते, बरोबरची माणसे कमी होत जातात. गवतात लपतो, भुकेने झाडाचा पाला खाऊन पाहतो. एका बैराग्याकडून भाकरी मिळते. पुढे रेवाडीला एका सावकाराच्या घरी आसरा, आणि तिथून जाटांच्या मुलखात. पत्नी वाचली. आई त्या पळापळीत गेली.

मी नकाशावर पानिपत ते रेवाडी आणि रेवाडी ते डीग अशा दोन सरळ रेघा मोजल्या. बेरीज आली सुमारे २४५ किलोमीटर. अथेन्स ते स्पार्टा जवळपास तेवढेच. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्या रात्री माझ्या अनुवादातला क्रियापदाचा प्रश्न थोडा हलला. मी 'भागा' असेच लिहिले आणि लाज वाटून घ्यायची नाही असे ठरवले. हे आत्मचरित्र जॉन ब्रिग्जने १८२९ साली इंग्रजीत आणले, त्यामुळे पानिपताचा पळ आतून कसा दिसतो हे बाहेरच्या जगाला कळले. पडलेल्यांपैकी कुणी ते सांगू शकले नसते. त्या दिवसाचा दुसरा मोठा वृत्तांत काशीराज पंडिताचा. तो मूळचा महाराष्ट्रीय ब्राह्मण, पण शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे समोरच्या गोटात. त्याने लिहिले फारसीत, इंग्रजी केले जेम्स ब्राउनने. आपल्या सर्वांत मोठ्या पराभवाच्या या दोन साक्षी, आणि साक्षीदार कोण? एक पळालेला मराठी माणूस आणि दुसरा पलीकडच्या बाजूला नोकरी करणारा मराठी माणूस. वडिलांच्या वर्गात दोघांनाही जागा नव्हती.

महादजी शिंद्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती पळाची गोष्ट म्हणून कुणी सांगत नाही. पळताना एका अफगाण स्वाराने त्यांना गाठले आणि पायावर वार केला. मेला समजून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे नेले. पाय जन्मभर अधू राहिला. महादजींनी राणेखानाला भाऊ मानले, आणि हा पखालवाला पुढे त्यांच्या फौजांचा सेनापती झाला.

सुरजमल जाट आधीच भाऊंशी मतभेद होऊन बाजूला झाला होता. तरी डीग, कुंभेर, भरतपूर येथे आलेल्या उघड्यानागड्या, जखमी मराठ्यांना त्याने आणि राणी किशोरीने अन्न, वस्त्र, औषध दिले. समशेर बहाद्दर जखमी होऊन तिकडेच पोचला आणि तिकडेच गेला. भाऊंची पत्नी पार्वतीबाई परत आली. पतीचा मृत्यू तिने मानला नाही आणि दोन-अडीच वर्षांत तीही गेली. तिच्यासारखे न मानणारे बरेच होते. म्हणून तर भाऊ म्हणवणारा तोतया निघाला, त्याच्यामागे माणसे आणि किल्ले गेले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. खरा माणूस न परतल्याची जागा इतकी मोठी असते, की तीत खोटा माणूस सहज मावतो.

काही जण परतलेच नाहीत आणि मेलेही नाहीत. कैद होऊन अफगाणांबरोबर गेलेल्यांचे वंशज बलुचिस्तानात आहेत असे सांगतात. इथे, पानिपत-कर्नालच्या पट्ट्यात, रोड समाजातले अनेक जण आपण त्या वेळी मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज असल्याचे मानतात. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. नीरज चोप्रा याच समाजाचा, त्यामुळे त्याच्या पदकानंतर महाराष्ट्रात त्याला घाईने आपला करून टाकण्यात आले. मला या दाव्याचा निकाल लावता येत नाही आणि लावायचाही नाही. पण आमच्या दूधवाल्याने मी मराठी आहे कळल्यावर, "फिर तो आप हमारे पीहर की हुई," असे म्हटले, तेव्हा पळू न शकलेल्या कुणाच्या तरी घरी आपण आल्यासारखे वाटले खरे.

परतण्याबद्दलही काही सांगायला हवे. पानिपत हा मराठ्यांचा शेवट, असे एक वाक्य आपल्या मनात ठाण मांडून आहे. प्रत्यक्षात दहा वर्षांनी, फेब्रुवारी १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते. जानेवारी १७७२ मध्ये त्यांनी शाहआलम बादशहाला त्याच्या राजधानीत आणून बसवले. त्यांत महादजी होते, तो पाय घेऊन. आणि पुण्यात पुढची पंचवीस वर्षे राज्याचा हिशेब ज्याने सांभाळला तो नाना, त्या रात्री लंगोटीवर पळालेला. पानिपतानंतरच्या मराठी राजकारणाचे दोन खांब हे त्या रात्रीचे दोन पळपुटे आहेत. ते पडले असते तर वडिलांच्या यादीत दोन नावे वाढली असती आणि पुस्तकातली पुढची प्रकरणे कमी झाली असती. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडताना वाचलो तर आणखी लढू अशा अर्थाचे बोलल्याचे आपण अभिमानाने सांगतो. त्यातला 'वाचलो तर' हा भाग आपण फारसा ऐकत नाही.

मी याची तुलना माझ्या पळण्याशी करत नाही. फुटपाथवर बसण्यात कुणाचा जीव धोक्यात नव्हता. पण एक गोष्ट शरीराने शिकवली. खंडानंतर परतताना श्वास लवकर परत येतो. दोन महिन्यांत मला वाटले, आता काय, जमले. मग पोटरीवरची शीर धरली, कारण स्नायुबंध आणि हाडे फुप्फुसांच्या फार मागून येतात. तीन आठवडे चालावे लागले. त्या काळात मला दहा वर्षे या आकड्याचा अर्थ थोडा कळला. परतण्याची इच्छा आधी येते, बळ मागाहून. मधल्या वेळात माणसाला पळपुटा म्हणणारे खूप भेटतात, आणि त्यांत मोठा आवाज आपलाच असतो.

पानिपत आज लढायांवर जगत नाही, जुन्या कपड्यांवर जगते. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले कपडे गाठोड्यांनी इथे येतात. गोदामांत बायका बसून बटणे, चेन, अस्तरे कापून काढतात. कपडे रंगांनुसार वेगळे होतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्रात त्यांच्या चिंध्या, चिंध्यांचा पिंजलेला कापूस, त्याचे सूत आणि सुताची ब्लँकेटे. भूकंप, पूर, युद्ध कुठेही झाले की मदतीच्या गाड्यांत जी स्वस्त घोंगडी दिसतात, त्यांतली कितीतरी या गावची. ओळखीच्या एका गोदामात गेले होते तेव्हा ढिगातून एका बाईने एक टी-शर्ट ओढून दाखवला. कुठल्याशा जर्मन गावातल्या अर्धमॅरेथॉनचा, शर्यत पूर्ण करणाऱ्याला देतात तो. "यह तो नया ही है," ती म्हणाली आणि कातरीने त्याची शिवण उसवली. ज्या गावाबाहेर एका जानेवारीच्या रात्री माणसांनी जीव वाचवण्यासाठी कपडे उतरवून फेकले, ते गाव आता जगाने उतरवलेल्या कपड्यांतून पांघरुणे विणते. ती बाई तिच्या कामात होती, मी तिला यातले काही बोलले नाही.

या वर्षी १४ जानेवारीला मी शहरातून काला आंबला पळत गेले. साधारण आठ किलोमीटर. धुके होते, ट्रकचे दिवे पिवळे होऊन येत होते. काला आंब म्हणजे ते आंब्याचे झाड, ज्याच्या आसपास मराठ्यांचा शेवटचा लढा झाला असे मानतात. झाड केव्हाच गेले, त्या जागी विटांचा स्तंभ आहे. त्या दिवशी तिथे महाराष्ट्रातून माणसे येतात, रोड समाजाची येतात. फेटे, झेंडे, घोषणा. काही जण वाकून माती कपाळाला लावतात, थोडी पुडीत बांधून घेतात. वक्ते नावे घेत होते. भाऊ, विश्वासराव, जनकोजी. मीही ओठांतल्या ओठांत म्हटली, पाठच होती. यादी संपल्यावर मी मनातल्या मनात आणखी तीन जोडली. नाना, महादजी, राणेखान. मग तो नाव नसलेला कासीद.

फाटकाजवळ मोटरसायकलींवर आलेली कोल्हापूरकडची मुले चहा पीत उभी होती. माझ्या कपाळावरचा घाम आणि पायांतले बूट बघून त्यांतल्या एकाने हिंदीत विचारले, दौड वगैरे आहे का आज इथे. मी मराठीत उत्तर दिल्यावर तो गडबडला.

"ताई, तुम्ही इथल्या? आणि इतक्या थंडीत पळत आलात?"

"हो, पळत आले," मी म्हणाले. "आणि आता पळतच घरी जायचंय."

तो हसला नाही. त्याने आपला अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतून माझ्यापुढे धरला. तो पिऊन मी निघाले. परतीचे आठ किलोमीटर जाताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन झाले. मधे दोनदा चालले. थांबले नाही.